विश्वरचनेचा वक्ता : पानगूची कथा आणि तंजावरची ‘देवेंद्र कुरवंजी’

१

विश्वोत्पत्तीच्या कथांची तुलना करताना अभ्यासकांची भिस्त बहुतेक वेळा यादीवर असते. एका कथेत आदिपुरुषाच्या डोळ्यापासून सूर्य झाला, दुसरीतही झाला. एकीत श्वासाचा वारा झाला, दुसरीतही झाला. अशा पाच-सात जुळण्या हाती आल्या की ऋणाचा प्रश्न उभा राहतो : कोणी कोणाकडून घेतले? चीनमधील पानगूची कथा आणि ऋग्वेदातील पुरुषसूक्त यांच्याबाबत हा प्रश्न दीर्घकाळ विचारला जात आहे. प्रस्तुत निबंधात त्याकडे तंजावरहून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

तंजावर म्हटले की पहिले कारण सहज सुचते. जुन्या तंजावर जिल्ह्यातील नागपट्टणम हे बंदर चोळकाळात चीनच्या सागरी वाटेवरचे मोठे ठाणे होते. चोळांची शिष्टमंडळे १०१५, १०३३ आणि १०७७ मध्ये सुंग दरबारी पोहोचल्याच्या नोंदी चिनी इतिहासग्रंथांत आहेत. श्रीविजयाच्या राजवंशाने नागपट्टणमला बांधविलेल्या चूडामणी विहाराला राजराज चोळाने आनैमंगलम हे गाव दिले, हे ‘लायडेन ताम्रपट’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या दानपत्रावरून कळते. ‘चिनी पगोडा’ या नावाने ओळखला जाणारा विटांचा मनोरा १८६७ मध्ये पाडला जाईपर्यंत नागपट्टणमला उभा होता. पलीकडच्या टोकाला, चीनमधील छ्वानचौ बंदरात, १२८१ चा तमिळ शिलालेख मिळाला आहे. मालाबरोबर कथाही याच वाटेने गेल्या असतील, असे म्हणण्याचा मोह कोणालाही व्हावा. परंतु कालगणना आड येते. पानगूची कथा चीनमध्ये इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात लिहिली गेली. चोळांचा चीनशी हा संबंध त्यानंतर सात-आठशे वर्षांनी आला. म्हणून ही वाट येथे बाजूला ठेवलेली बरी.

तंजावरचा उपयोग वेगळ्या कारणासाठी आहे. येथे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात परक्या विश्वरचनेचा स्वीकार मराठी भाषेत घडला. घेणारा कोण, कोणत्या साहित्यप्रकारात घेतले, कोणाच्या मुखी घातले, हे सर्व येथे दिसते. ही कृती म्हणजे सरफोजी राजे (दुसरे) यांची ‘देवेंद्र कुरवंजी’. स्वीकाराची प्रक्रिया जिथे उघड दिसते, तिथून शिकून जिथे ती दिसत नाही तिकडे वळावे, एवढीच या निबंधाची पद्धती आहे.

२

प्रथम पानगूची कथा पाहू. तिची सर्वांत जुनी ज्ञात नोंद वू राज्यातील श्यू चंग या लेखकाची. त्याचा ‘सान-वू ली-ची’ हा ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्यातील उतारे इ. स. ६२४ मध्ये पूर्ण झालेल्या ‘यी-वेन लेई-च्यू’ यासारख्या ज्ञानकोशांनी जतन केले. आरंभी आकाश व पृथ्वी अंड्याप्रमाणे एकमेकांत मिसळलेली होती आणि पानगू त्या गर्भात होता. अठरा हजार वर्षांनी दोन्ही विलग झाली. जे स्वच्छ व हलके होते त्याचे आकाश झाले, जे गढूळ व जड होते त्याची पृथ्वी. रोज आकाश एक चांग (दहा चिनी फूट) उंच होई, पृथ्वी एक चांग जाड होई आणि मध्ये उभा असलेला पानगू एक चांग वाढे. आणखी अठरा हजार वर्षे असे चालले. त्यानंतर तीन आदिसम्राट झाले. पुढे लेखक संख्यांचा क्रम सांगतो : एकात आरंभ, तिनात स्थैर्य, पाचात पूर्णता, सातात भरभराट, नवात शेवट. म्हणून आकाश पृथ्वीपासून नव्वद हजार ली अंतरावर आहे. हे अंतर रोजच्या वाढीच्या गुणाकारातून आलेले नाही, विषम संख्यांच्या क्रमातून आले आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

देहाच्या रूपांतराचा भाग दुसऱ्या उताऱ्यात येतो. पानगू मरू लागला तेव्हा त्याच्या श्वासाचे वारे व ढग झाले, आवाजाची मेघगर्जना झाली, डावा डोळा सूर्य व उजवा चंद्र झाला. हातपाय व धड यांच्यापासून चार दिशांची टोके आणि पाच पवित्र पर्वत झाले. रक्ताच्या नद्या, मांसाची शेतजमीन, केसांचे तारे, अंगावरच्या लवेची झाडेझुडपे, दात व हाडांचे धातू व दगड, घामाचा पाऊस झाला. त्याच्या अंगावरच्या किड्यांना वाऱ्याचा स्पर्श झाला आणि त्यांची माणसे झाली. हा उतारा श्यू चंगच्याच दुसऱ्या ग्रंथातील मानला जातो. परंतु तो आपल्या हाती येतो तो सतराव्या शतकातील मा सू याच्या ‘यी-शी’ या संकलनातून. सहाव्या शतकातील रन फांग याच्या नावावरील ‘शू-यी ची’त याच कथेचे थोडे निराळे रूप आहे, दक्षिण समुद्राकडे पानगूची तीनशे ली पसरलेली समाधी असल्याचेही तेथे म्हटले आहे. याच दाक्षिणात्य खुणांवरून काही अभ्यासक पानगूचा संबंध याओ वगैरे दक्षिणेकडील जमातींच्या ‘पानहू’ या मूळपुरुषाशी जोडतात.

पुरुषसूक्ताशी असलेले साम्य सांगण्याची गरज नाही. तेथेही डोळ्यापासून सूर्य, प्राणापासून वारा, मस्तकापासून द्युलोक, पायांपासून भूमी होते. भेद मात्र यादीच्या बाहेर आहेत. पुरुषाचे विभाजन देवांनी आरंभलेल्या यज्ञात होते. पानगू आपल्या मरणाने मरतो, त्याला कोणी कापत नाही. पुरुषाच्या मुख, बाहू, मांड्या व पाय यांपासून चार वर्ण येतात. पानगूच्या देहापासून सर्व माणसे सारखीच, आणि तीही किड्यांपासून, येतात. पुरुषसूक्त यज्ञाच्या समर्थनाकडे जाते. श्यू चंगचा वृत्तांत आदिसम्राटांकडे, म्हणजे राजवंशांच्या बखरीकडे जातो.

येथे घाईने निष्कर्ष काढू नये. चिनी परंपरेत उच्चनीचभाव नव्हता, असे पानगूवरून म्हणता येणार नाही. दुसऱ्या शतकातील यिंग शाओच्या ‘फंग-सू थुंग-यी’तील मानल्या जाणाऱ्या एका उताऱ्यात न्यूवा ही देवी पिवळ्या मातीची माणसे घडवते. हाताने घडविलेली ती श्रीमंत व थोर. काम उरकेना म्हणून चिखलात दोर बुडवून उडविलेल्या थेंबांची झाली ती गरीब व सामान्य. म्हणजे विषमतेची उपपत्ती चीनमध्येही होती. ती पानगूच्या कथेत आली नाही, एवढेच.

३

मग यादी तीच आणि चौकट वेगळी, हे कसे घडले? या संदर्भात बौद्ध वाङ्मयातील एक दुवा महत्त्वाचा आहे. ‘दिव्यावदाना’तील ‘शार्दूलकर्णावदान’ भारतीय वाचकांना परिचित आहे. रवींद्रनाथांच्या ‘चंडालिका’चे कथाबीज याच अवदानातले. त्यातील पूर्वजन्मकथेत मातंगांचा राजा त्रिशंकू आपला मुलगा शार्दूलकर्ण याच्यासाठी पुष्करसारी या ब्राह्मणाच्या मुलीला मागणी घालतो. ब्राह्मण संतापतो. त्रिशंकू शांतपणे वाद घालतो : पशुपक्ष्यांच्या जातींत देहाचा भेद दिसतो, माणसांच्या वर्णांत तो दिसत नाही, एकाच पित्याची मुले वेगवेगळ्या जातींची कशी? नंतर तो नक्षत्रविद्या सविस्तर उलगडून दाखवितो आणि अखेर पुष्करसारी विवाहाला संमती देतो.

या अवदानाची चिनी रूपांतरे झाली. त्यांपैकी ‘मातंग-सूत्रा’चे श्रेय चिनी परंपरा वू राज्यात काम करणाऱ्या चू लू-येन आणि ची च्येन यांना देते, श्यू चंगही त्याच राज्यातला. या रूपांतरात त्रिशंकू ब्राह्मणाला ऐकवितो : तुमच्या मते ईश्वराने जग निर्माण केले; त्याचे डोके आकाश, पाय पृथ्वी, डोळे सूर्यचंद्र, पोट अवकाश, केस झाडेगवत, अश्रू नद्या, हाडे पर्वत, मलमूत्र समुद्र झाले. आणि लगेच तो हे मत खोडून काढतो : जग प्राण्यांच्या कर्मांमुळे उभे राहते, त्याला असा कर्ता कशाला?

या भाषांतराच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यामुळे ते पानगूच्या कथेचे मूळ ठरले, असे म्हणणे धाडसाचे होईल. पण यादी कोणत्या अवस्थेत प्रवास करू शकते, याचा नमुना येथे स्पष्ट मिळतो. ती पूर्वपक्ष म्हणून, खंडनासाठी उद्धृत होऊन जाते. यज्ञ तिच्यातून आधीच गळालेला आहे. वर्णांचा भाग वादाचा विषय झाल्याने यादीपासून सुटा पडलेला आहे. आणि ती उच्चारणारा ऋषी नसून मातंग आहे. मराठी वाचकाला येथे जोतीराव फुल्यांच्या ‘गुलामगिरी’ची (१८७३) आठवण व्हावी. त्यातही ब्रह्मदेवाच्या अवयवांची कथा येते ती तिचा प्रतिवाद करण्यासाठीच. ज्याला ज्या कथेने खाली बसविले, त्याने ती कथा नीट पाठ ठेवलेली असते.

४

आता तंजावरकडे येऊ. सरफोजी राजे (१७७७–१८३२) यांचे शिक्षण श्वार्त्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली झाले. १७९८ मध्ये ते गादीवर आले आणि दुसऱ्याच वर्षी, १७९९ च्या तहाने, राज्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेला. किल्ला व दरबार तेवढा त्यांच्याकडे उरला. राज्य नसलेल्या या राजाने विद्येचा व्याप मात्र विलक्षण वाढविला. सरस्वती महालातील संग्रहात त्यांनी भर घातली, युरोपीय भाषांतील ग्रंथ मिळविले, नवविद्या कलानिधी शाळा काढल्या, देवनागरी छापखाना चालविला आणि त्यावर इसापनीतीचे मराठी रूपांतर ‘बालबोधमुक्तावली’ छापविले.

‘देवेंद्र कुरवंजी’ याच व्यापाचा भाग. हे गेय मराठी नाटक सरस्वती महाल ग्रंथालयाने १९५० मध्ये प्रकाशित केले. त्यात कुरवंजी इंद्राणीला जगाचा भूगोल सांगते : सूर्य मध्यभागी मानणारी ग्रहव्यवस्था, पृथ्वीची खंडे, त्यांतील देश. ही विश्वोत्पत्तीची कथा नव्हे, विश्वरचनेचे वर्णन आहे, हा भेद मान्य केला पाहिजे. परंतु पुराणांत सर्ग आणि भुवनकोश, म्हणजे उत्पत्ती आणि रचना, शेजारी शेजारीच असतात. जग कसे आहे हे सांगणारा ते कसे झाले यावरही हक्क सांगत असतो. मेरू आणि सप्तद्वीपे यांच्या जागी सूर्य आणि खंडे आली की दोन्हींचा ताल बदलतो. मराठीत सिद्धान्त, पुराण आणि युरोपीय ज्योतिष यांच्या तुलनेचा प्रश्न सुबाजी बापूंच्या ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाशा’ने १८३६ मध्ये ऐरणीवर आणला. त्याआधीच तंजावरच्या मराठीत तो सोहळ्याच्या रूपाने, विनावाद, मांडला गेला होता.

विनावाद कसा? याचे उत्तर साहित्यप्रकारात आहे. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. विरहाने व्याकूळ झालेली नायिका, तिच्याकडे येणारी डोंगरी कुरव जमातीची भविष्य सांगणारी स्त्री, तिचे हात पाहणे, मिळालेली बक्षिसी, शेवटी तिला शोधत आलेला तिचा पारधी नवरा, असा त्याचा ठरलेला साचा. त्रिकूडरासप्प कविरायरांची ‘कुट्राल कुरवंजी’ ही त्याची प्रसिद्ध कृती; खुद्द सरफोजींवर ‘सरभेंद्र भूपाल कुरवंजी’ तमिळमध्ये रचली गेली आणि ती बृहदीश्वराच्या मंदिरात सादर होई. या साच्यात एक जागा नेहमी राखलेली असते : कुरवंजी आपल्या डोंगराचे वर्णन करते आणि आपण कोणकोणते देश पायाखाली घातले, हे अभिमानाने सांगते. सरफोजींनी नवा भूगोल बरोबर याच जागी बसविला. देशांची यादी मोठी झाली, साचा मोडला नाही. इंद्रलोक आपल्या जागी राहिला आणि इंद्राणी सूर्यकेंद्री व्यवस्था ऐकत राहिली. पुराणाचे खंडन झाले नाही. श्रोती म्हणून त्याचा मान राखला गेला.

मराठी कानाला ही योजना परकी नव्हती. एकनाथांच्या भारुडांत जोशी, महार, कैकाडीण ही पात्रे येऊन ब्रह्मज्ञान सांगून जातात. शिवाय तंजावरच्या दरबारात शहाजी राजांच्या (१६८४–१७१२) काळापासून मराठी नाटके लिहिली जात होती, आणि त्यांच्या ‘पंचभाषाविलासा’त पाच भाषा एका रंगभूमीवर नांदल्या होत्या. विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या सांगलीच्या प्रयोगापासून मराठी नाटकाचा आरंभ मोजण्याच्या सवयीमुळे ही परंपरा आपल्या वाङ्मयेतिहासात परिशिष्टात जाऊन बसली. तिला परिशिष्टातून बाहेर काढण्याचे कारण केवळ प्रादेशिक अभिमान नव्हे. स्वीकाराच्या सिद्धान्तासाठी तिची गरज आहे.

५

तंजावरचा नमुना काय शिकवितो? पहिली गोष्ट अशी की परकी विश्वरचना रिकाम्या जागी येत नाही. घेणाऱ्या परंपरेत तिच्या आकाराची जागा आधीच असावी लागते. कुरवंजीत ती देशवर्णनाची होती. हेच श्यू चंगला लावून पाहिले तर त्याच्यापुढची जागा बखरीच्या आरंभाची होती. सम्राटांच्या वंशावळीला एक पूर्वपीठिका हवी होती. पानगू त्या जागी उभा राहिला आणि रोज एक चांग वाढून कालगणनेचेही काम करू लागला. पाच पर्वत आणि विषम संख्या ही त्या जागेची स्वतःची सामग्री. म्हणून देहाची यादी भारतातून आली असली, तरी पानगूची कथा भारतीय ठरत नाही; जशी तमिळ साचा आणि युरोपीय भूगोल घेऊनही ‘देवेंद्र कुरवंजी’ मराठीच राहते.

दुसरी गोष्ट वक्त्याची. त्रिशंकू मातंग आहे, कुरवंजी डोंगरी भटकी आहे. दोघेही आकाशाची विद्या आपल्याहून वरच्या मानलेल्या श्रोत्याला सांगतात. याचे कारण उदारता एवढेच नसावे. प्रस्थापित वक्त्याच्या मुखी नवी विश्वरचना घातली तर ती जुनीशी भांडू लागते. पुराणिकाने सूर्य मध्यावर ठेवला तर त्याला मेरूचा हिशेब द्यावा लागेल. कुरवंजीला तो द्यावा लागत नाही. तिचे प्रमाण ग्रंथ नसून तिचे पाय आहेत. तिने पाहिले, म्हणून ती सांगते. पानगूच्या उताऱ्यांत वक्ताच दिसत नाही. इतिहासकाराच्या निवेदनात तो विरघळला आहे. परंतु दक्षिणेच्या जमातींशी त्याचे नाते जोडणारे मत खरे असेल, तर तिथेही सीमेवरच्या कोणा निवेदकाची कथा राजधानीच्या लेखकाने आपल्या बखरीत घेतली, असे म्हणावे लागेल. यादी उरली, सांगणारा गेला.

६

या तुलनेची एक मर्यादा सांगितल्याशिवाय थांबता येणार नाही. त्रिशंकूची विद्या त्याच्या मागणीशी बांधलेली आहे : मी हे जाणतो, म्हणून तुमची मुलगी माझ्या मुलाला द्या. कुरवंजीची विद्या कोणत्याही मागणीशी बांधलेली नाही. ती भूगोल सांगते आणि साच्याप्रमाणे बक्षिसी घेऊन जाते. तिच्या मुखातून बोलतो तो राजाच. तिला ज्ञानाचा अधिकार मिळाला की तिचे सोंग राजाला मिळाले, हा प्रश्न नाटक विचारत नाही; तो आपण विचारावयाचा आहे.

इतिहासाने त्याचे एक उत्तर दिले. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ मध्ये मद्रास इलाख्याला लागू झाला आणि ज्यांच्यावर त्याचा अंमल बसला त्यांत कोरव होते. रंगभूमीवर जे भटकणे ज्ञानाचे प्रमाण होते, तेच कायद्याच्या पुस्तकात गुन्ह्याचे लक्षण झाले. कोरवांशी नाते सांगितले जाणारे कैकाडी महाराष्ट्रात आहेत; त्यांच्यातील लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात गावोगावची भटकंती आहे, पाय आहेत, पाहिलेले जग आहे. आणि सांगणारा दुसऱ्या कोणाचे सोंग नाही. ‘देवेंद्र कुरवंजी’ आणि ‘उपरा’ यांचा एकमेकांवर प्रभाव नाही. तरीही मराठीच्या इतिहासात ती दोन्ही एका प्रश्नाच्या दोन टोकांना उभी आहेत, आणि तंजावर परिशिष्टात राहिले तर हे एक टोक आपल्याला दिसणारच नाही.

पुरुष, पानगू, ईश्वराचा देह, सूर्यकेंद्री गोल : या याद्या पुढेही जुळविल्या जातील आणि जुळवाव्यातही. मात्र जुळणी झाल्यावर आणखी दोन प्रश्न विचारणे आवश्यक आहे. घेणाऱ्याकडे या यादीसाठी कोणती जागा तयार होती, आणि ती कोणाच्या तोंडी दिली गेली? जग कोणाच्या देहापासून झाले याइतकेच ते सांगण्याचा हक्क कोणाला होता, हेही तुलनेच्या कक्षेत आले पाहिजे.